सहा चाळीसचा धूर

मंगळवार, १२ मार्च. सकाळी ६.४० ला खाली धूर. खिडकी लावली. दूध एक लिटर. गॅसचा सिलिंडर बदलला. आधीचा एक्कावन्न दिवस पुरला. इस्त्रीला दिले: दोन चादरी, चार अभ्रे, एक टेबलक्लॉथ. दुपारी चारला सेक्रेटरी आले. बिनसाखरेचा चहा घेतला. तीन वर्षांच्या डायऱ्या घेऊन गेले.

एवढं लिहून चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि त्या रात्री शांत झोपल्या. तीनच दिवसांत ही झोप उडणार आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

बाईंचं वय चौऱ्याहत्तर. लिहायची सवय शाळेपासूनची. शाळेतल्या सिस्टर वर्गाच्या दारात उभ्या राहून विचारायच्या, ‘‘हे तू पाहिलंस की ऐकलंस?’’ ऐकलं म्हटलं की पान फाडून परत लिहायचं. ती शिस्त हाडात मुरली होती. जे डोळ्यांनी पाहिलं तेच वहीत जायचं. आणि बाईंचे डोळे जिथवर पोचत, तिथे स्वयंपाकघराची एक खिडकी होती.

खिडकीखाली, जिन्याच्या पायथ्याशी, इस्त्रीचं टेबल होतं. सव्वीस वर्षं एकाच जागी. टेबलामागे जी बाई उभी असायची तिला सगळी वसाहत ‘कडक’ म्हणायची. घडी कडक आणि जीभही कडक, म्हणून. तिलाही ते नाव आवडायचं. कुणी नव्याने राहायला आलेल्याने ‘‘ताई, शर्ट कधी मिळेल?’’ असं विचारलं तर ती म्हणायची, ‘‘ताई म्हटलंत तर उद्या. कडक म्हटलंत तर संध्याकाळी.’’

ती आली तेव्हा तिचा नवरा इस्त्री करायचा आणि ती घड्या घालायची. पुढे त्याला दूरच्या शहरात एका हॉटेलच्या धुलाईखात्यात काम लागलं. त्याची दोन पत्रं आली, तिसरं आलंच नाही. कडकने महिनाभर वाट पाहिली, मग सहा किलोची ती पितळी इस्त्री स्वतःच उचलली. सुरुवातीला दोन्ही हातांनी, मग एका. उजवा खांदा हळूहळू डाव्याहून दोन बोटं खाली गेला. ‘‘माझा शर्ट मलाच नीट बसत नाही, आणि जगाच्या बाह्या सरळ करते,’’ असं ती हसून सांगायची. एक मुलगी होती. ती शिकली, एका दवाखान्यात लागली, लग्न करून गेली. कडक मात्र टेबल सोडून कुठे गेली नाही. दोन वेळचा तिचा चहा बाईंकडून खाली जायचा.

कपड्यांवरून तिला घराघरातलं कळायचं, आणि त्यातलं निम्मं ती तोंडावर सांगायचीही. सेक्रेटरींची कॉलर डाव्या बाजूनेच झिजते, कारण मान तिरकी करून ‘हो हो’ म्हणायची सवय. दुसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याच्या चादरी दोन महिने वेगवेगळ्या खोल्यांतल्या येत होत्या. पुन्हा एकच जोडी आली तेव्हा तिने त्यावर जास्तीची खळ दिली. बाईंच्या नवऱ्याचं तर तिनेच आधी ओळखलं होतं. ‘‘बाई, साहेबांच्या पँटीला दोन महिन्यांत तिसरी टीप घातलीत. माणूस आटतोय. डॉक्टरला दाखवा.’’ बाईंनी दाखवलं. त्यामुळे त्यांना चार वर्षं जास्त मिळाली.

त्या चार वर्षांतच धुराची नोंद सुरू झाली. नवऱ्याचं फुप्फुस दुबळं झालं होतं. धूर आला की खिडकी लावायची आणि वेळ लिहून ठेवायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नवरा गेला. खिडकी लावायची सवय राहिली. नोंद राहिली.

सेक्रेटरी राहायचे टॉवरमध्ये. वसाहत एकच, पण जुनी इमारत चार मजल्यांची, सोळा घरांची. आणि भिंतीपलीकडे बावीस मजल्यांचा टॉवर, अठ्ठ्याऐंशी घरांचा. टॉवरला तळघरात गाड्या, गच्चीवर पोहण्याचा तलाव आणि तलावाचं पाणी कोमट ठेवणारं यंत्र. समिती दोन्ही इमारतींची मिळून एकच. त्या वर्षी समितीने ‘स्वच्छ हवा वसाहत’ असं प्रमाणपत्र मिळवायचं ठरवलं. फाटकावर तांब्याची पाटी लागणार होती. त्यासाठी वसाहतीतला धूर कुठून येतो, हे पुराव्यासकट दाखवायला हवं होतं.

‘‘काकू,’’ सेक्रेटरी चहाचा कप खाली ठेवत म्हणाले होते, ‘‘तुमच्यासारखं नेमाने लिहिणारं माणूस या जमान्यात सापडायचं नाही.’’

कौतुक कुणाला नको असतं? बाई फुलून गेल्या. एवढी वर्षं लिहिलं, पण स्वतःच्या मुलीनेही कधी वही उघडून पाहिली नव्हती. बाईंनी तीन वर्षांच्या डायऱ्या काढल्या, धूळ पुसली आणि धुराच्या ओळी सापडाव्यात म्हणून पेन्सिलीने समासात खुणाही करून दिल्या. नऊशे बारा खुणा.

शुक्रवारी फलकावर नोटीस लागली. बाई दूध घेऊन येत होत्या. कडक हातातली इस्त्री ठेवून, कंबरेवर हात देऊन मोठ्याने वाचत होती.

‘‘‘जिन्यालगतची कोळशाची इस्त्री हा वसाहतीतील धुराचा एकमेव नोंदलेला स्रोत आहे. तीन वर्षांत सकाळी सहा चाळीसच्या सुमारास नऊशे बारा वेळा धूर झाल्याची रहिवाशांच्या दैनंदिन नोंदींत नोंद आहे. एकतीस मार्चच्या सभेत मान्यता घेऊन जागा मोकळी करण्यात येईल.’ ऐकलंत का बाई? नऊशे बारा! मला माझ्या केसांची गणती नाही, आणि कुणीतरी माझा धूर मोजतंय.’’

बाईंच्या हातातली दुधाची पिशवी घसरली. कडकनेच ती हवेत झेलली.

‘‘कोण असेल हो? खायला काळ अन् भुईला भार! दुसरं काम नाही मेल्याला, खिडकीत बसून पेन्सिल चघळत असणार.’’

‘‘असेल कुणी,’’ बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पाहिलेली गोष्ट पाहिली नाही असं दाखवलं.

वर येऊन दूध तापत ठेवलं, ते उतू गेलं. गॅसची शेगडी पुसली. चमच्यांचा खण उपसला, चमचे मोजले, परत भरले. खुर्चीवर बसल्या, खुर्ची टोचायला लागली. पलंगावर आडव्या झाल्या, तर छत अंगावर येतंय असं वाटलं. तीनदा खाली जायचं म्हणून चपला घातल्या, तीनदा काढल्या. आपण खोटं एक अक्षरही लिहिलेलं नाही, असं मनाशी घोकत होत्या. खोटं लिहिलं असतं तर खोडता तरी आलं असतं.

शनिवारी सकाळी त्या टॉवरमध्ये गेल्या. सेक्रेटरींनी दार उघडलं, खुर्ची पुढे केली, पंखा लावला.

‘‘मला माझ्या डायऱ्या परत हव्यात.’’

‘‘जरूर. तयारच ठेवल्यात.’’ त्यांनी तिन्ही वह्या नीट कागदात गुंडाळून दिल्या. ‘‘लागणाऱ्या पानांचे फोटो घेतलेत आम्ही.’’

‘‘त्या नोंदी मी यासाठी दिल्या नव्हत्या.’’

‘‘काकू, त्यात काही खोटं आहे का?’’ सेक्रेटरींनी मान डावीकडे तिरकी केली.

‘‘नाही.’’

‘‘मग?’’

बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि मागे वळल्या. ‘‘तुमचा जनरेटर आहे. त्याचा धूर कुठे जातो?’’

‘‘पाइपने वर. बावीस मजल्यांच्याही वर. कुणाला त्रास नाही.’’

‘‘पण असतो ना?’’

‘‘त्याची नोंद आहे का कुणाकडे?’’ ते अगदी सौम्यपणे म्हणाले. ‘‘नोंद असेल तर सभेत मांडा. आम्ही कशाला नाही म्हणू?’’

बाई जिना उतरताना पुटपुटल्या, ‘‘चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि दोर माझा.’’

रविवारपासून वसाहतीने एक नवल पाहिलं. एरवी भिंतीपलीकडे न जाणाऱ्या बाई, काखेत वही, हातात घडीचं स्टूल घेऊन, टॉवरच्या मागच्या बाजूला चालल्या आहेत. या भागात वीज दिवसातून दोन-तीनदा जायची. जुन्या इमारतीतले लोक तेव्हा खिडक्या उघडून, वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत बसायचे. टॉवरला मात्र गेलेली वीज कळतच नसे. अर्ध्या मिनिटात तळाच्या खोलीतून घरघर सुरू व्हायची. वीज गेली की बाई स्टूल उचलून निघायच्या. एकदा तर आंघोळीतून अर्ध्या ओल्या केसांनी धावल्या.

जनरेटर सांभाळणारा माणूस कानात कापूस घालून असायचा, त्यामुळे तो ओरडूनच बोलायचा.

‘‘आजी! इथे कुठे? कपडे काळे होतील!’’

‘‘होऊ देत. किती वाजता चालू केला?’’

‘‘काय?’’

‘‘किती वाजता?’’

‘‘सात दहा! तुम्ही काय तपासणीवाल्या आहात का?’’

‘‘मी चौथ्या मजल्यावरची आहे. हा काय खातो?’’

त्याने टाकीवर थाप मारली. ‘‘खातो कुठला, पितो! ताशी ऐंशी लिटर डिझेल! आणि लाइट असली तरी सकाळी तासभर चालवायचा हुकूम आहे. तलावाचं पाणी तापायला मेन लाइनवर लोड झेपत नाही म्हणून!’’

‘‘आणि इस्त्रीवालीचा कोळसा? दिवसाला दोन किलो लागतो तिला.’’ हे बाईंनी कडकलाच विचारून घेतलं होतं; कशाला हवंय ते सांगायचा धीर झाला नव्हता.

तो हसला. हसतानाही ओरडूनच. ‘‘दोन किलो? अहो, तिचा महिन्याचा कोळसा आणि याचा एक तास! तोलला तर याचंच पारडं खाली! मला काय कळतं म्हणा, पण सर्टिफिकेटवाले साहेब आले होते ना, त्यांनीच इथे उभं राहून गणित केलं. मग म्हणाले, कागदावर हा ‘आपत्कालीन’ आहे. आपत्कालीन असेल ते धरायचं नसतं!’’

‘‘रोज सकाळी आपत्ती येते?’’

‘‘सात दहाला! अगदी वेळेवर!’’

बाईंनी ते लिहून घेतलं. वाक्य ऐकलेलं होतं, पण वेळ आता त्यांनी पाहिली होती. चौदा दिवसांत तेहतीस तास वीस मिनिटं भरली. हात काळे, पाय सुजलेले, आणि तरी डोळा लागत नव्हता. कारण रोज येता-जाता कडक टेबलामागून विचारायची, ‘‘बाई, हल्ली सारख्या कुठे धावता? या वयात काय शर्यत लावलीय?’’ आणि रोज बाई म्हणायच्या, ‘‘चालायला सांगितलंय डॉक्टरांनी.’’ चौदा दिवसांत चौदा खोटी उत्तरं. ती मात्र वहीत गेली नाहीत.

मधल्या बुधवारी परदेशातल्या मुलीचा फोन आला. ती तिकडे अशाच एका कचेरीत होती, कुठल्या कामातून हवेत किती काय जातं याची मोजदाद करणाऱ्या. बाईंनी तिला सगळं सांगितलं.

‘‘आई, जनरेटरचं बरोबर आहे तुझं. पण तू सभेत उभी राहशील तेव्हा कुणीतरी तुला विमानाचं विचारेल.’’

‘‘काय विचारेल?’’

‘‘तू एकदा इकडे येऊन परत गेलीस ना, तेवढ्यात तुझ्या कडकबाईचा वर्षाचा कोळसा जळतो.’’

‘‘एवढी मी जड आहे?’’

‘‘तू नाही गं. विमान.’’

बाईंनी फोन ठेवला आणि जुन्या वह्या काढल्या. चार खेपा. पहिली, नातीच्या जन्माच्या वेळची. प्रत्येक खेपेला विमानात काय खायला दिलं, शेजारी कोण बसलं, किती वाजता ढग दिसले, सगळं लिहिलेलं. धूर कुठेच लिहिलेला नव्हता. विमानातून तो दिसला नव्हता.

एकतीस तारखेला सभा टॉवरच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये झाली. हॉल एवढा गार की बाईंनी अंगाभोवती शाल घट्ट ओढली. कडक दारात उभी होती; आत खुर्च्या रिकाम्या असूनही तिला कुणी बस म्हटलं नाही, आणि तीही बसली नाही. खळ दिलेला पांढरा शर्ट घालून सेक्रेटरींनी ठराव वाचला. त्या शर्टाची घडी कडकची होती.

बाई उठल्या. आवाज शाळेत धडा म्हणतात तसा सरळ निघाला.

‘‘नोटिशीत ज्या नोंदींचा उल्लेख आहे, त्या माझ्या आहेत.’’

दाराकडे पाहायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पाहिलंच. कडकच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही. फक्त तिने खांद्यावरची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

बाईंनी तेहतीस तास वीस मिनिटं तारखांसकट वाचून दाखवली. डिझेलचा आकडा सांगितला. तलावाचा सांगितला. ‘‘धूर दोघांचाही आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तिचा माझ्या खिडकीशी येतो म्हणून वहीत आला. तुमचा उंचावर जातो म्हणून नाही आला. उंच पाइप बसवायची ऐपत असली की धूर नसतोच, असं होईल मग.’’

जुन्या इमारतीतल्या दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या आणि आजूबाजूला बघून थांबवल्या. टॉवरमधल्या एका तरुण बाईने विचारलं, ‘‘खरंच रोज चालतो का हो तो? मला माहीत नव्हतं.’’ तिला उत्तर मिळायच्या आत मागच्या रांगेतून एक भारदस्त आवाज आला. हे गृहस्थ बाविसाव्या मजल्यावरचे. त्यांना सगळे ‘कॅप्टन’ म्हणत, विमानं चालवायचे म्हणून नव्हे, सदा विमानात असायचे म्हणून.

‘‘आजीबाई, हिशेबच काढायचा तर सगळ्यांचा काढू. तुम्ही स्वतः किती वेळा परदेशी गेलात?’’

‘‘चार वेळा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘म्हणजे हिचा चार वर्षांचा कोळसा. तुमचं किती?’’

हॉलमध्ये हशा उसळला. कॅप्टनही हसले. ‘‘मी मोजत नाही!’’

आणि त्या हशातच गोष्ट संपली. मोजलेल्या चार खेपा सगळ्यांच्या लक्षात राहिल्या. न मोजलेल्या विरून गेल्या. सेक्रेटरींनी सगळ्यांचे आभार मानले, काकूंच्या प्रामाणिकपणाचं विशेष कौतुक केलं आणि जनरेटरसाठी अभ्यास गट नेमला. ठराव मताला टाकला. घरटी एक मत. एक्क्याऐंशी विरुद्ध सतरा. इस्त्रीच्या जागी टॉवरच्या लॉण्ड्रीची व्हॅन उभी राहील, कपडे शहराबाहेरच्या कारखान्यात जातील आणि वाफेवर इस्त्री होऊन येतील. वसाहतीत धूर होणार नाही.

बाई जिन्याशी पोचल्या तेव्हा दुपार झाली होती. कडक आधीच येऊन इस्त्रीचं झाकण उघडून निखारे राखेत लोटत होती. टेबलावरचं जाड कांबळं तिने गुंडाळलं होतं. त्याखालची फळी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा उघडी पडली. मधोमध इस्त्रीच्या आकाराचा काळा डाग.

‘‘मी तुला आधीच सांगायला हवं होतं,’’ बाई म्हणाल्या.

‘‘सहा चाळीस,’’ कडक मान वर न करता म्हणाली. ‘‘खरंच रोज सहा चाळीसला?’’

‘‘पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे.’’

‘‘माझ्याकडे घड्याळ नाही. एवढी वेळेवर आहे मी, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.’’ ती हसली, पण ते हसू ओठांपुरतंच. मग तिने पहिल्यांदा बाईंकडे सरळ पाहिलं. ‘‘आणि धूर थांबायचा कधी, तेही लिहिलंत ना?’’

बाईंनी काखेतली वही चाचपली.

‘‘पुठ्ठ्याने वारा घातला की वीस मिनिटांत निखारा लाल होतो, बाई. मग दिवसभर धुराचं नाव नाही. ते लिहिलंत की नाही?’’

‘‘मी खिडकी लावून घ्यायची,’’ बाई म्हणाल्या. ‘‘थांबलेला मी पाहिलाच नाही.’’

‘‘हं.’’ कडकने राखेवर पाणी शिंपडलं. चर्र आवाज झाला, थोडी वाफ वर आली. ‘‘साहेबांची पँट मी उलटी करून आतली टीप बघायची. तुम्ही एकदा खिडकी उघडून बघितली असती.’’

यात शिवी नव्हती, रडणं नव्हतं. असतं तर बाईंना बरं वाटलं असतं.

‘‘आता कुठे जाशील?’’

‘‘बाजारामागे एक ओटा बघितलाय. तिथे सगळ्यांचाच धूर असतो, कुणी मोजत नाही.’’ तिने खालच्या फळीवरून एक बोचकं काढलं आणि बाईंच्या हातात दिलं. ‘‘सगळ्यांचे कपडे पोचते केले. तुमचं कालचंच तेवढं राहिलं, शेवटी ठेवलं होतं. आता कोळसा विझवलाय.’’

‘‘राहू दे गं. तिकडे आणून देईन मी.’’

‘‘एवढं लांब?’’ कडक म्हणाली. ‘‘नका. पाय दुखतील तुमचे.’’ आणि इस्त्री उजव्या हातात घेऊन, तो खांदा आणखी खाली झुकवून ती फाटकाकडे निघाली. फाटकाच्या खांबावर पाटीसाठी चार भोकं पाडून ठेवलेली होती. पाठीमागे वीज गेली आणि भिंतीपलीकडे घरघर सुरू झाली. बाईंनी सवयीने घड्याळ पाहिलं. स्टूल आणायला मात्र त्या वर गेल्या नाहीत. बोचकं पोटाशी धरून, ती दिसेनाशी होईपर्यंत जिन्याशीच उभ्या राहिल्या.

सोमवारी बाई साडेसहालाच खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. सात वाजेपर्यंत उभ्या होत्या. मग घरभर फिरल्या, पुन्हा खिडकीशी आल्या. दिवसभर हेच चाललं. संध्याकाळी वही उघडली, तारीख घातली, आणि बराच वेळ पेन हातात धरून बसल्या. न दिसलेलं लिहायची सवय हाताला नव्हती.

सोमवार, १ एप्रिल. दूध अर्धा लिटर. दोन चादरी, चार अभ्रे इस्त्री न करताच घातले.